बुडालेल्या दिवसांची वसुली

प्रिय बाय,

परवा म्हार्दोळला तळीच्या पायऱ्यांवर बसून तू पिशवीतून परीक्षेच्या अभ्यासाच्या वेळापत्रकाचा तो कागद काढलास, तेव्हा मी गप्प राहिलो. देवळाच्या आवारात रागावू नये एवढंच कारण. आता घरी बसून रागावतो.

कागद देखणा होता, यंदाचा तिसरा. हिरव्या शाईत गोव्याचा इतिहास, निळ्यात राज्यघटना, लाल चौकटीत गणित. पहाटे चारला उठायचं, रोज सहा तास अभ्यास. आधी तुझा नेम दोन तासांचा होता आणि जुलैपासून तो बरा चालला होता. मग चवथ आली. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, नेवऱ्या, पाहुणे, रात्री घुमट वाजवत म्हटलेल्या आरत्या. अकरा दिवस पुस्तक उघडलं नाहीस. बावीस तास बुडाले, म्हणून दोनाचे सहा केलेस. तीन दिवस जमलं, चौथ्या दिवशी उठलीच नाहीस, आणि आता मला विचारतेस, "सर, माझ्यात जिद्दच नाही का?"

जिद्दीला कशाला मधे आणतेस? तू सावकारी मांडली आहेस. कर्जदारही तूच, वसुलीला दारात उभी तीही तूच. बुडालेल्या दिवसाची वसुली करायची नाही. हे मी तुला जूनमध्येही सांगितलं होतं, तेव्हा तू मान हलवलीस.

तुमच्याकडे पोफळीचं कुळागर आहे, आजोबांना विचार. ऐन मार्चमध्ये पंप बिघडून आठ दिवस पाणी गेलं नाही, तर नवव्या दिवशी ते आठ दिवसांचं पाणी एकदम सोडतात का? सोडलं तर पोफळीच्या बुंध्याशी साचून मुळं कुजतील. ते त्या दिवसाचंच पाणी देतात. काही कोवळ्या सुपाऱ्या गळायच्या त्या गळतात. त्यासाठी म्हातारा उपास करत नाही, पोफळीला जिद्द आहे का असंही विचारत नाही.

तबल्यात तर हे पहिल्या वर्षीच कळतं. तीनतालात अकराव्या मात्रेला बोट घसरलं, तर ती मात्रा परत वाजवायला कोणी थांबत नाही. गाणारा पुढे गेलेला असतो. पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची.

हे कळूनही मला कळलं नव्हतं. बावीस वर्षांचा होतो. वडील आजारी पडले आणि अडतीस दिवस तबल्याला हात लागला नाही. परतलो तो रोजच्या दीड तासाच्या जागी पाच तास बसायला लागलो. गुरुजी म्हणाले, "आजचं वाजव." मला वाटलं, ते मला कमी लेखताहेत. सतराव्या दिवशी उजवं मनगट सुजलं. मग सुजेत गेलेले दिवसही हिशेबात धरले, आणि आकडा एवढा झाला की तबल्याकडे बघायची लाज वाटू लागली. पुढे नोकरी, लग्न, बदल्या: काणकोण, पेडणे, वाळपई. तबला माळ्यावर गेला तो एकतीस वर्षं. आमच्या घरात समजूत अशी की मी आळशी होतो. साफ खोटं. आळशी माणूस पाच तास बसत नाही. आणि सारख्या बदल्या होत असताना रियाज कुठून... जाऊ दे. वाळपईला तबला नेता आला असता. मी नेला नाही.

खाली काढला तेव्हा पुडी फाटलेली, वाद्या सैल. आता रोज वीस मिनिटं वाजवतो. दहा वर्षांत गावच्या भजनाला साथ करण्याइतका हात आला आहे, त्यापुढे तो जायचा नाही.

केरी तुझ्या आजोळपासून किती लांब आहे? तिथल्या गायिका केसरबाई केरकरांनी १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे त्यांचं शिष्यत्व घेतलं, तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. त्याआधीची तालीम तुटक, गुरू बदलत झालेली. तिथून पुढे १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत त्या शिकत राहिल्या. १९७७ साली त्यांची भैरवी अवकाशयानातून गेली, हे आपण मोबाइलवर एकमेकांना पाठवून मिरवतो. ती तुटकी वर्षं कोणी पाठवत नाही.

तू म्हणशील, परीक्षा काही थांबणार नाही. नाही थांबणार. म्हणून यादीतून बावीस तासांचा अभ्यास खोडून टाक. खोड म्हणतोय, पुढे ढकल म्हणत नाही. दोन-तीन प्रकरणं राहतील, राहू देत. त्यातला प्रश्न आला तर माझ्या नावाने बोटं मोड.

आता दिवाळी येईल. वाड्यावरची पोरं नरकासुराचा पुतळा करायला रात्र रात्र जागतील, भाऊ तुलाही ओढून नेईल. जा. मग जत्रा, जत्रेचं नाटक. त्यात तुला काम मिळणारच (तुझा आवाज मी ऐकला आहे, उगाच नाही म्हणू नकोस). तेही कर. जत्रेचे दिवस जत्रेला देऊन टाक. दुसऱ्या दिवशी दोन तास. अडीच केलेस तर मला कळेल, कारण आठवड्यात तू परत रडत येशील.

एक कबूल करतो. काल पाहुणे आले आणि माझी वीस मिनिटं गेली. आज बसलो तर हात थांबेना, म्हटलं चाळीस करून टाकू. पंचविसाव्या मिनिटाला बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "हे कालचं चाललंय की आजचं?"

रविवारी ये. येताना ते तिन्ही कागद आण. मागची बाजू कोरी आहे, नातीला चित्रं काढायला होतील.

तुझा,
सर