इंग्रजीत एम.ए. केल्यावर भाषाविज्ञान किंवा इंग्रजी अध्यापनशास्त्र या विषयांत प्राध्यापकाची नोकरी मिळू शकते का? नेट कोणत्या विषयातून द्यावी?

आपण लिहिले आहे की इंग्रजी साहित्यात एम.ए. करताना भाषाविज्ञानाची गोडी लागली, आणि आता नेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) कोणत्या विषयातून द्यावी, पीएच.डी. कशात करावी व या विषयांतल्या जागा मुळात निघतात तरी कुठे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः इंग्रजीत एम.ए. करून पुढे उपयोजित भाषाविज्ञानात संशोधन केले, इंग्रजी विभागात शिकवतो आणि विषयतज्ज्ञ म्हणून निवड समित्यांवरही बसलो आहे, म्हणून जे जवळून पाहिले तेवढे लिहितो.

भाषाविज्ञान या नावाने निघणाऱ्या जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत. भाषाविज्ञान जाणणाऱ्या माणसाची गरज असलेल्या जागा मात्र त्यांच्या कितीतरी पट आहेत आणि त्या बहुतेक वेळा ‘इंग्रजी’ या नावाखाली निघतात. महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग म्हटले की पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठ ही दोन नावे आधी येतात. बाहेर दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ, उस्मानिया, अण्णामलै आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ. अशा विभागांत मंजूर पदेच मोजकी असतात आणि एकदा भरलेले पद निवृत्तीपर्यंत रिकामे होत नाही. याउलट कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही महाविद्यालयात इंग्रजी असतेच, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही संवादकौशल्य शिकवायला माणूस लागतो.

म्हणून नेट इंग्रजीतूनच द्या, असे मी आग्रहाने सांगेन. परीक्षेच्या माहितीपत्रकातही पदव्युत्तर पदवीच्या विषयातूनच परीक्षा द्यावी, अशी स्पष्ट सूचना असते. आपली पदवी इंग्रजीची असताना भाषाविज्ञानातून नेट झालात, तर इंग्रजीच्या जागेसाठी नेटचा विषय वेगळा आणि भाषाविज्ञानाच्या जागेसाठी एम.ए.चा विषय वेगळा, अशी दोन्हीकडून अडचण होऊ शकते. शिवाय २०१९ पासून लागू झालेल्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा घटकांपैकी एक भाषेच्या मूलभूत संकल्पना व अध्यापन यांवर, तर दुसरा भारतातील इंग्रजीवर आहे. म्हणजे आपल्या आवडीच्या अभ्यासाचा तिथेही उपयोग होईल. वय तिशीच्या आत असेल तर जेआरएफसाठीही (नेटमधूनच मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) अर्ज करा. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, जेआरएफला आहे (महिला आणि राखीव प्रवर्गांना तीत सवलत मिळते).

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संबंधित किंवा संलग्न विषयात ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा), अशी पात्रता दिलेली आहे. सारी मेख त्या ‘संलग्न’ शब्दात आहे, कारण संलग्न कशाला म्हणायचे हे प्रत्यक्षात छाननी समिती ठरवते. एका महाविद्यालयात भाषाविज्ञानात एम.ए. आणि नेट असलेल्या उमेदवाराचा इंग्रजीच्या जागेसाठी आलेला अर्ज ‘विषय भिन्न’ असा शेरा मारून बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. त्याचे इंग्रजी वाक्यरचनेवरचे काम उत्तम होते, पण ते वाचण्याची वेळच आली नाही. मला हे आजही अन्यायाचे वाटते. तरी नियम बदलेपर्यंत आपला अर्ज त्या शेऱ्यापासून वाचवणे आपल्याच हाती आहे.

याच कारणाने पीएच.डी. इंग्रजी विषयात नोंदवा आणि प्रबंध भाषेवर लिहा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनातील उपपदांचा (अ, अ‍ॅन, द) वापर, वर्गातले मराठी-इंग्रजी मिश्रण, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका भाषेची नेमकी कोणती क्षमता तपासतात, अशा विषयांवर आपल्याकडे अजून पुष्कळ काम व्हायचे आहे. पदवीवर ‘इंग्रजी’ असेल तर महाविद्यालयाचा मार्ग मोकळा राहतो, आणि प्रबंध भाषाविज्ञानाचा असेल तर आयआयटीच्या मानव्यविद्या विभागांत किंवा भाषा-प्रकल्पांतही अर्ज करता येतो. मार्गदर्शक मात्र विषय जाणणारा शोधा. साहित्याच्या मार्गदर्शकाकडे भाषेचा प्रबंध दिला की पहिल्या प्रगती अहवालापासून दोघांचीही ओढाताण होते. आपली खरी ओढ स्वनविचार, वाक्यविचार किंवा बोलींचे क्षेत्रीय काम यांकडे असेल आणि इंग्रजी शिकवण्यात मन रमणार नसेल, तर हा सल्ला बाजूला ठेवून सरळ भाषाविज्ञानात दुसरे एम.ए. करावे. तो रस्ता अरुंद आहे, पण अर्धवट मनाने इंग्रजी शिकवण्यापेक्षा बरा.

जाहिरात वाचताना पदाच्या नावावर थांबू नका. अनुदानित महाविद्यालयाची जाहिरात वृत्तपत्रात येते तेव्हा विषय, पदसंख्या, प्रवर्ग आणि मुदत एवढेच दिसते. आपल्या प्रवर्गाची जागा आहे की नाही ते बिंदुनामावलीवरून (कोणते पद कोणत्या प्रवर्गाला, याची आरक्षणाची क्रमवार यादी) ठरलेले असते, त्यामुळे तो रकाना आधी पाहावा. केंद्रीय विद्यापीठांच्या जागा २०२३ मध्ये सुरू झालेल्या सीयू-चयन पोर्टलवर एकत्र पाहता येतात. आयआयटींच्या जाहिरातींत ‘मानव्यविद्या व समाजशास्त्रे’ एवढेच मोठ्या अक्षरात असते आणि भाषाविज्ञान खाली विशेषज्ञतेच्या यादीत कुठेतरी असते. तिथे नेट लागत नाही, पीएच.डी. आणि प्रकाशने पाहिली जातात. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था, किंवा राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणासारखे प्रकल्प यांत मुदतीच्या जागा निघतात. त्या कायम नसतात, पण ध्वनिमुद्रण, प्रतिलेखन आणि माहितीचे वर्गीकरण यांचा तिथला अनुभव वर्गात बसून मिळत नाही.

छाननीचे गणितही आधीच मांडून ठेवावे. २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयीन पदासाठी पीएच.डी.ला २५ गुण आहेत, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ आणि सेटला ५. अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०, तर शोधनिबंधांना सगळे मिळून ६. म्हणजे पैसे मोजून कुठल्याशा नियतकालिकात निबंध छापून घेण्याची जी धडपड चालते, तिच्यातून महाविद्यालयीन जागेसाठी फारसे काही हाती लागत नाही. राज्यातील विद्यापीठांतल्या पदांची निवडपद्धत अलीकडे बदलली आहे, तेव्हा तिथे जाहिरातीसोबतचे आदेशही वाचावेत.

मुलाखतीत भाषेचा अभ्यास केलेल्या उमेदवाराचे पारडे जड होते, असा माझा अनुभव आहे. नमुना पाठ घ्यायला सांगितल्यावर बहुतेक जण एखादी कविता घेतात. एका उमेदवार मुलीने मात्र फळ्यावर ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ हे दोन इंग्रजी शब्द लिहिले. पहिल्याच्या आरंभी वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि दुसऱ्याच्या आरंभी दोन्ही ओठ गोल होतात, हे तिने करून दाखवले. मराठीत या दोन ध्वनींनी अर्थ बदलत नसल्याने आपल्या मुलांना हा फरक ऐकूच येत नाही, हे सांगून तिने समितीतल्या तिघांकडून तो उच्चार करून घेतला. शिकवणे म्हणजे काय, हे त्या पाच मिनिटांत दिसले.

कायम जागा मिळेपर्यंत तासिका तत्त्वावर काम करावे लागेल. मानधन अनियमित असते आणि सुट्टीत काहीच मिळत नाही, म्हणून वर्षानुवर्षे त्यातच अडकून पडू नका. नेमणुकीचे पत्र, विद्यापीठाची मान्यता आणि अनुभवाचा दाखला दर वर्षी हातात घ्या. पुढे मागायला गेल्यावर कागद मिळत नाहीत आणि अनुभवाचे गुण हातचे जातात.

परदेशाचा विचार असेल तर एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही: जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे या देशांत पीएच.डी.ची जागा हीच अनेकदा पगारी नोकरी असते आणि तिची रीतसर जाहिरात निघते. जर्मन जाहिरातीत ‘टीव्ही-एल १३, ६५ टक्के’ असे दिसले, तर टीव्ही-एल १३ या तिथल्या वेतनश्रेणीत पूर्ण पदाच्या ६५ टक्के काम व पगार असा त्याचा अर्थ घ्यावा. अशा जाहिराती ‘लिंग्विस्ट लिस्ट’वर, ब्रिटनमधल्या ‘जॉब्ज डॉट एसी डॉट यूके’वर आणि जपानमधल्या ‘जेआरईसी-इन’वर पाहता येतात. जपानी विद्यापीठांत इंग्रजी शिकवण्याच्या जागा बऱ्याचदा ठरावीक वर्षांच्या कराराच्या असतात. आखाती देशांतल्या विद्यापीठांत पदवीआधीच्या पूर्वतयारी वर्षाला इंग्रजी शिकवण्याच्या जागांसाठी सेल्टा किंवा डेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्रांचा उपयोग होतो, मात्र तिथल्या काही जाहिराती इंग्रजी मातृभाषा असलेलाच उमेदवार मागतात. इंग्रजी शिक्षकांच्या ‘टेसोल’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आहे. तरीही ही अट लिहिलेली असेल तिथे अर्जात वेळ घालवू नका. पारपत्र न विचारता पात्रता विचारणाऱ्या जाहिराती आधी हाती घ्या.