मंडळाचे काळे टीशर्ट करायचेत, स्क्रीन प्रिंट करावं की डीटीएफ की सब्लिमेशन?

तुम्ही लिहिलंय की ८० काळे कॉटन टीशर्ट करायचेत, छातीवर प्रत्येकाचं नाव, पाठीवर बाप्पाचं मोठं रंगीत चित्र आणि खाली मंडळाचं नाव, आणि दुकानदार म्हणतोय सगळं डीटीएफमध्येच करून टाका. माझं छपाईचंच काम आहे, गणपतीच्या आधी मंडळांच्या ऑर्डरी असतातच, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सब्लिमेशन, म्हणजे गरम करून शाई कापडातच मुरवायची छपाई, आधी डोक्यातून काढा. ती शाई पॉलिस्टरमध्येच मुरते आणि त्यात पांढरा रंग नसतो, काळ्या कॉटनवर काही दिसणारच नाही. क्रिकेटच्या जर्सीला मात्र तेच बेस्ट.

डीटीएफमध्ये (डायरेक्ट टू फिल्म) चित्र आधी फिल्मवर छापतात, रंगांवर पांढऱ्या शाईचा थर, त्यावर गोंदाची पावडर, आणि मग ते हीट प्रेसने कपड्यावर चिकटवतात. रंग कितीही असू देत, नग एकच असू दे, चालतं. म्हणून छातीवरची वेगवेगळी नावं डीटीएफमध्येच करा. पण पाठभर भरीव चित्र म्हणजे पाठीला प्लास्टिकचा कागद लावल्यासारखं होतं, हवा लागत नाही, आणि विसर्जन मिरवणुकीत पोरं दिवसभर ढोल घेऊन नाचणार, घामाने चिंब होणार, तेव्हा ते अंगावर नको होतं.

पाठीसाठी मी स्क्रीन प्रिंटच सांगेन. प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, म्हणजे ज्यातून शाई कापडावर उतरते ती जाळी, लागते, काळ्या कापडावर रंग उठून दिसायला खाली पांढरा थर द्यावा लागतो त्याची अजून एक, त्यामुळे चारपाच नगांना ते परवडत नाही, पण ८० नगांत तो खर्च वाटला जातो. डिझायनरला सांगा की बाप्पा पांढऱ्या आणि केशरी अशा दोनच रंगांत रेषांमध्ये बसव, आणि जिथे काळा हवा तिथे टीशर्टचाच काळा दिसू दे. शाई कमी लागते, कपडा मऊ राहतो आणि खरं सांगू का, दिसायलाही जास्त भारी दिसतं.

स्क्रीन प्रिंटला वापरतात ती प्लास्टिसोल शाई साधारण १६० डिग्रीला पक्की होते आणि घाईत नेमकं तिथेच काम कच्चं राहतं. सॅम्पल हातात आलं की थंड झाल्यावर प्रिंट दोन्ही हातांनी ताणा, तडे गेले तर सरळ परत द्या.

मराठी अक्षरांकडे तर नीट लक्ष द्याच. बारीक फॉन्ट घेतला की अनुस्वाराचं टिंब, रफार, वेलांटीचं टोक इतकं नाजूक होतं की डीटीएफमध्ये धुताना पहिलं तेच सुटतं, म्हणून नावांना जाड फॉन्ट घ्या. फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार बनवून, द्या, नाहीतर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात आणि मंडळाचं नावच चुकीचं छापून येतं.

अजून एक, टीशर्ट खरंच कॉटन आहेत ना ते बघून घ्या. पॉलिस्टर मिक्स असला तर गरम केल्यावर कापडाचा रंग वरच्या शाईत चढतो, लाल टीशर्टवरची पांढरी अक्षरं काही दिवसांत गुलाबी होतात ती त्यामुळेच, तशा कापडाला वेगळी शाई लागते. तुम्ही कापड कुठलं घेताय आणि किती जीएसएमचं (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम) ते कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.