अपडेटनंतर थंडरबर्ड गोठतंय? लगेच काढून टाकू नका

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं: पावसला आंब्याचा धंदा, रात्री विंडोज 11 चं अपडेट झालं, आणि सकाळपासून थंडरबर्ड (तुमचा मेल वाचायचा प्रोग्राम) उघडतं पण इनबॉक्सवर क्लिक केलं की खिडकी पांढरी पडून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. एंड टास्क करून पुन्हा उघडलं तरी तेच. भाच्याचं म्हणणं, अनइन्स्टॉल करून नव्याने टाकूया.

भाच्याला जरा थांबवा. प्रोग्राम एका जागी असतो आणि तुमचे मेल दुसऱ्या जागी, प्रोफाइल फोल्डरमध्ये. नवा टाकलेला थंडरबर्ड तीच जुनी प्रोफाइल उघडणार, मग दुखणं कुठे गेलं? उलट साफसफाईच्या भरात त्याने प्रोफाइलही उडवली आणि तुमचं अकाउंट पॉपचं, म्हणजे मेल सहसा सर्व्हरवरून उतरवून तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवणारं असलं, तर मागच्या सीझनच्या ऑर्डरी गेल्याच म्हणून समजा.

आधी बघायचं ते एवढंच की ते खरंच गोठलंय की कामात आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. थंडरबर्डच्या ओळीत सीपीयू नाहीतर डिस्कचे आकडे हलत असतील तर ते बहुतेक शोधासाठीचा इंडेक्स बांधत बसलंय. तुम्ही एंड टास्क केलं की ते काम अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा मागे लागतं. तसंच चालू सोडा आणि जेवून घ्या.

थंडरबर्ड शांत आणि अँटिव्हायरसची ओळ मात्र धावतेय, असं दिसलं तर घोडं तिथेच पेंड खातंय. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल सहसा एकाच फाइलमध्ये ठेवतं. डिलीट केलेले मेलसुद्धा फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत, म्हणजे फाइल झाडून लहान करेपर्यंत, त्याच फाइलमध्ये पडून राहतात. हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे मूळ जागेची ओळख सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि तुम्ही प्रत्येक ऑर्डरबरोबर सर्टिफिकेटची जाडजूड स्कॅन पाठवता म्हणता, म्हणजे ‘सेंट’ची फाइलही फुगलेली असणार. एक नवीन मेल आला तरी अख्खी फाइल बदलली असं धरून अँटिव्हायरस ती पहिल्यापासून चाळू शकतो. म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल फोल्डर ‘एक्सक्लूजन’मध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत टाका. अटॅचमेंट बाहेर सेव्ह केली की ती तपासली जातेच, त्यामुळे फार घाबरायला नको. मला तर जास्त भीती वाटते ती एका फसव्या मेलपायी अँटिव्हायरसने सगळी इनबॉक्स फाइलच क्वारंटाइन करण्याची, म्हणजे उचलून वेगळी कोंडून ठेवण्याची.

दोन्ही ओळी थंड असतील तर शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड उघडा, ट्रबलशूट मोड विचारेल. त्यात नीट चाललं तर दोष ॲड-ऑनचा (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा) नाहीतर ग्राफिक्सचा. तुमची खिडकी पांढरी पडते म्हणून माझा संशय ग्राफिक्सवर. अपडेटबरोबर ग्राफिक्स चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला असेल. सेटिंग्ज, जनरलमध्ये खाली ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ची खूण काढा, बंद करून पुन्हा उघडा.

तरीही अडलं तर इंडेक्स नव्याने बांधायचा. हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. ही पायरी गाळू नका. मग ‘ग्लोबल मेसेजेस डीबी’ नावाची एसक्यूलाइट फाइल (global-messages-db.sqlite) आणि इनबॉक्सची एमएसएफ फाइल (Inbox.msf), या दोघींची नावं बदला. नुसतं ‘इनबॉक्स’ नाव असलेली, पुढे एक्स्टेन्शन नसलेली फाइल म्हणजे तुमचे खरे मेल. तिला हात लावायचा नाही. पुन्हा उघडल्यावर बराच वेळ खाईल, खाऊ दे.

कॉम्पॅक्ट करायचं ते सगळ्यात शेवटी, आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळचा वारा सुटला की लाईटचा काय भरवसा? डेस्कटॉप असेल तर यूपीएस नसताना कॉम्पॅक्टच्या वाटेला जाऊच नका. मध्येच वीज गेली तर फाइल बिघडू शकते.

तोवर गिऱ्हाइकांना ब्राउझरमधून वेबमेल उघडून उत्तरं द्या. अकाउंट आयमॅपचं, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणारं असेल तर सगळे मेल तिथेही दिसतील. पॉपचं असेल तर अजून उतरवून न घेतलेले नवे तरी नक्की दिसतील.

एवढं करूनही गोठलं तर थंडरबर्डचा आवृत्ती क्रमांक, अकाउंट पॉप की आयमॅप, आणि ट्रबलशूट मोडमध्ये काय झालं ते कळवा. अँटिव्हायरस कुठला तेही लिहा.