रोज उगवणारी रन-डीएलएलची चौकट

कॉम्प्युटर सुरू केला की रोज 'रन-डीएलएल' नावाची एररची चौकट समोर येते? घाबरू नका, एवढ्यासाठी विंडोज फॉरमॅट मारायची काही गरज नाही. तिच्यातल्या 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड' या वाक्याचा अर्थ इतकाच, की फाइल सुरू करायचा हुकूम शिल्लक आहे, फाइल मात्र गेली. बहुतेकदा अँटिव्हायरसने ती उडवलेली असते, नाहीतर एखादा प्रोग्रॅम अर्धवट अनइन्स्टॉल झालेला असतो.

ओके दाबायची घाई नको. आधी चौकटीतल्या फाइलच्या पत्त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ऑटोरन्स हे फुकट टूल (विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दाखवणारं) घ्या आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. पिवळ्या ओळी म्हणजे ज्यांची फाइल सापडत नाही त्या. फोटोतलं नाव जुळलं की फक्त टिक काढा, डिलीट नको. चुकलंच तर टिक परत करता येते. ऑटोरन्सच्या 'लॉगऑन' टॅबमध्ये दिसलं नाही तर 'शेड्यूल्ड टास्क्स' टॅब उघडा, ही मंडळी तिथे हमखास दडून बसतात.

ती हरवलेली डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) गूगलवर शोधून भलत्याच साइटवरून उतरवू नका. व्हायरसची असेल तर गेलेली पीडा स्वतःच्या हाताने परत आणाल. पत्त्यात टेम्प फोल्डर आणि नाव अगम्य अक्षरांचं असेल, तर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, फुल स्कॅन लावाच. विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही 'साफ' करून देतो म्हणणाऱ्या रजिस्ट्री क्लीनरवाल्यांना तर दारातही उभं करू नका.