तंतुकणिका बाहेरून आल्या, हे कशावरून?

प्रश्न : माझी नात अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया) आणि हरितलवके (प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कण) ही पेशीअंगके, म्हणजे पेशीतील छोटे अवयव, मुळात स्वतंत्र जिवाणू होती आणि दुसऱ्या एका पेशीने त्यांना आत घेतल्यामुळे ती आज आपल्या व वनस्पतींच्या पेशींत आहेत, असे तिच्या पुस्तकात दिले आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी घडलेली आणि कोणीही न पाहिलेली गोष्ट इतक्या ठामपणे कशी सांगता येते? आणि हे खरे असेल, तर केंद्रक, गॉल्जी संकुल (प्रथिनांची बांधणी व पाठवणी करणारे), लयकारिका (टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्या) ही बाकीची अंगकेही बाहेरूनच आली काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि जीवशास्त्रज्ञांनीही ती दीर्घकाळ बाळगली होती. हरितलवके पेशीत नव्याने तयार होत नाहीत, आधीच्या हरितलवकांच्या विभाजनातूनच ती निर्माण होतात, हे आंद्रेआस शिम्पर यांनी १८८३ मध्ये नोंदवले. पुढे १९०५ मध्ये रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टान्टिन मेरेश्कोव्हस्की यांनी, ही लवके म्हणजे एके काळचे स्वतंत्र जीव होत, असे उघडपणे मांडले. परंतु ते पडताळून पाहण्याचे साधन त्या वेळी कोणाजवळच नव्हते. साधन हाती येऊ लागले ते १९६३ मध्ये, जेव्हा मार्गिट आणि सिल्वान नास या दांपत्याला कोंबडीच्या भ्रूणातील तंतुकणिकांमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डीएनएचे धागे दिसले. लिन मार्गुलिस यांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध अनेक नियतकालिकांनी नाकारल्यानंतर १९६७ मध्ये छापला गेला, आणि तेव्हापासून हा विषय गांभीर्याने चर्चिला जाऊ लागला.

आपल्या तंतुकणिकेतील डीएनए वर्तुळाकार असून त्यात १६,५६९ बेस-जोड्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) आणि अवघी ३७ जनुके आहेत. प्रथिने बनवणारे तिचे रायबोझोमही तिचे स्वतःचे असतात, आणि क्लोरॅम्फेनिकॉलसारखे जे प्रतिजैविक जिवाणूंच्या रायबोझोमचे काम थांबवते ते तंतुकणिकेतील रायबोझोमचेही काम थांबवते, मात्र त्याच पेशीच्या उरलेल्या रायबोझोमना ते फारसा धक्का लावत नाही. पुस्तकांत सहसा एवढेच पुरावे दिलेले असतात. माझ्या मते हे पुरावे बोलके आहेत, पण निर्णायक नाहीत, कारण केंद्रकातल्याच डीएनएचा एखादा तुकडा निसटून तंतुकणिकेत गेला असेल, असे म्हणायला त्यानंतरही जागा उरते, आणि काही शास्त्रज्ञांनी त्या काळी तसे म्हटलेही होते.

वाद मिटू लागला तो १९७० च्या दशकात, रायबोझोममधील आरएनएच्या अक्षरक्रमाची तुलना सुरू झाल्यावर. आपण बडोद्याचे आहात, म्हणून येथलेच उदाहरण देतो. येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा देशभरातून जमवलेल्या हस्तलिखितांतील पाठ शब्दाशब्दाने ताडून पाहावे लागले होते. ज्या पोथ्यांत एकच वेगळा पाठ किंवा एकच चूक पुनःपुन्हा आढळते, त्या पोथ्या एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असतात, आणि हे ठरवण्यासाठी नकलाकाराला लिहिताना कोणी पाहिलेले असण्याची गरज नसते. आरएनएच्या बाबतीत हीच पद्धत वापरली गेली. हरितलवकाचे डीएनए वनस्पतीच्या केंद्रकातून निसटलेले असते, तर त्याचा पाठ त्या केंद्रकाशी जुळायला हवा होता. प्रत्यक्षात तो सायनोबॅक्टेरियांशी, म्हणजे ज्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणत आलो त्या जिवाणूंशी, जुळला. तंतुकणिकेचा पाठ अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटाशी जुळला. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींत राहून नत्र स्थिर करणारे जिवाणू याच गटातले आहेत. एकाच पेशीत दोन निरनिराळ्या वंशांचे पाठ सापडतात, याचे दुसरे समाधानकारक स्पष्टीकरण आजवर कोणी दिलेले नाही.

आता बाकीच्या अंगकांविषयी. त्यांना हा नियम लागू पडत नाही. केंद्रकाचे आवरण आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पेशीतील पटलांच्या (पातळ आवरणांच्या) जाळ्याशी, सलग जोडलेले असते, तिच्यातून सुटलेल्या पिशव्या गॉल्जी संकुलाकडे जातात आणि लयकारिका याच वाहतुकीतून घडतात. ही सगळी पेशीच्या आपल्याच पटलांची व्यवस्था आहे आणि तीत कोठेही परक्या वंशाचे डीएनए आढळत नाही. लयकारिकांचा शोध लावणारे क्रिस्तियान द द्यूव्ह यांना पेरॉक्सिझोम हे अंगक बाहेरून आले असावे असे वाटत होते, पण त्याला स्वतःचे डीएनए नाही आणि आंतर्द्रव्यजालिकेपासून ते नव्याने बनू शकते, हे दिसल्यावर तो विचार मागे पडला. केंद्रक नेमके कसे घडले यावर मात्र अजून एकमत नाही. जिने जिवाणूला आत घेतले ती पेशी आर्किया या, जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या केंद्रकहीन सूक्ष्मजीवांच्या, वंशातली होती, याला २०१५ मध्ये मोठा आधार मिळाला, कारण आर्क्टिक समुद्राच्या तळच्या गाळात लोकीआर्किया या गटाचे डीएनए सापडले आणि आपल्यासारख्या केंद्रकयुक्त पेशींतच असतात असे समजली जाणारी कित्येक जनुके त्यात होती.

नातीच्या मनात आणखी एक प्रश्न येईल, की तंतुकणिका जिवाणू होती, तर आज तिला पेशीबाहेर काढून वाढवता का येत नाही? तिची बहुतेक जनुके काळाच्या ओघात नाहीशी झाली किंवा केंद्रकात गेली. तिच्यात हजारांहून अधिक प्रकारची प्रथिने असतात, पण मानवी पेशीत त्यांपैकी केवळ १३ तिच्या आत बनतात. उरलेली बाहेर बनतात आणि तिच्या पटलांतील खास मार्गांनी आत घेतली जातात. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आत राहणारा जीव आणि अंगक यांतील सीमारेषा येथेच आहे. २०२४ मध्ये एका सागरी शैवालात नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूला शास्त्रज्ञांनी अंगक म्हणून मान्यता दिली, ती तो यजमान पेशीची प्रथिने आत घेतो आणि तिच्याबरोबर ताळमेळ राखून विभागतो हे सिद्ध झाल्यावरच. अशी घटना एकदाच घडून संपली असे नाही, हे यावरून कळते.

मलेरियाच्या परजीवीतही असेच एक लवक आहे. परजीवीच्या पूर्वजाने एक लाल शैवाल आत घेतले होते, त्या शैवालाचा हा अवशेष. त्याला चार पटले आहेत, प्रकाशसंश्लेषण ते करत नाही, पण त्याच्यावाचून परजीवी जगत नाही. डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचे औषध मलेरियावर चालते ते या लवकातील जिवाणूसदृश रायबोझोममुळे.

नातीला प्रत्यक्ष काही दाखवायचे असेल, तर मत्स्यपात्रे विकणाऱ्या दुकानातून हायड्रिलाची एक फांदी आणावी. शेंड्याजवळचे कोवळे पान अखंड, पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवावे. ते पेशींच्या दोनच थरांचे असल्याने कापावे लागत नाही. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून, चाळीसपट भिंगाखाली, हरितलवके पेशीभित्तिकेच्या कडेकडेने एकामागून एक सरकताना दिसतील. धीराने शोधल्यास मध्यभागी आवळलेले, विभागू लागलेले एखादे लवकही सापडू शकेल. त्या आवळलेल्या जागी आतून एफटीएसझेड या प्रथिनाचे कडे असते. ते आपल्याला दिसणार नाही, पण जिवाणू दोन होताना त्यांच्या मध्यभागी तयार होते ते कडे याच प्रथिनाचे असते.