बाळाची शुगर माझ्या इन्सुलिनमुळे उतरली नव्हती

तुम्ही विचारलंय की बायकोला गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यात शुगर (गरोदरपणातला मधुमेह) निघाली, डॉक्टर इन्सुलिन सांगतायत, घरचे नको म्हणतायत, तर कडक पथ्य करून टाळता येईल का, आणि घेतलंच तर बाळाला काही होतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण त्यावरून मी ११ वर्षं भांडतेय. नाही होत. आईने टोचून घेतलेलं इन्सुलिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जात नाही. साखर जाते. आईच्या रक्तात साखर वाढली की बाळाच्याही रक्तात वाढते, इन्सुलिन मात्र आईकडेच राहतं. हे एवढंच मला तेव्हा नीट माहीत असतं तर माझे तीन आठवडे वाया गेले नसते.

मला २६ व्या आठवड्यात कळलं. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, तीनदा रक्त, त्यात फक्त उपाशीपोटीची ९९ आली, हवी होती ९२ च्या आत, बाकी दोन्ही आकडे बरोबर होते पण एक चुकला तरी निदान होतं. ताईला फोन केला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिची दोन बाळंतपणं काही त्रास न होता झालेली, त्यामुळे घरात या विषयावर शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली, "तोंडावर ताबा ठेव म्हणून सांगत होते ना मी." मी गोड खाणाऱ्यातली कधीच नव्हते हे तिला चांगलं माहीत होतं तरी म्हणाली.

दोन आठवडे पथ्य केलं, दिवसातून चार वेळा बोट टोचून वहीत आकडे लिहिले. जेवणानंतरचे आकडे छान, सकाळचे १०४, १०८, १०६. डॉक्टर म्हणाल्या रात्रीचं इन्सुलिन सुरू करू. ताई म्हणाली सुई एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, आणि पोटातल्या लेकराला कशाला औषध. आणि मी ऐकलं. डॉक्टरांना म्हटलं अजून थोडे दिवस बघते. रात्रीचं जेवण निम्मं केलं, मग निम्म्याचं निम्मं, शेवटी शेवटी तर दोन घास खाऊन झोपायचे, भुकेने दोन वाजता जाग यायची आणि मी पाणी पिऊन पडून राहायचे. सकाळी मशीनवर पाच, चार, तीन असे उलटे आकडे पडायचे तेवढ्या वेळात छातीत धडधडायचं, आणि यायचे १११.

आता कळतं की ते तसंच येणार होतं. पहाटेची शुगर रात्री ताटात काय होतं एवढ्यावर ठरत नाही, रात्रभर यकृत स्वतः साखर सोडत असतं आणि त्याला आवरायला जेवढं इन्सुलिन लागतं तेवढं माझ्या अंगात बनत नव्हतं. वारेतून जी हार्मोन्स सुटतात त्यांच्यामुळे प्रत्येक गरोदर बाईचं शरीर इन्सुलिनला जुमानेनासं होतं, बाळाला साखर कमी पडू नये म्हणून निसर्गानेच केलेली सोय आहे ती, आणि स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवून ते भरून काढतं. जिचं तेवढं पुरत नाही तिची शुगर वाढते. वजन, वय, घराण्यातला मधुमेह, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा त्रास) यांनी शक्यता वाढते हे खरं, पण यातलं एकही नसलेल्या बायकांनाही होतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे जगात जन्मणाऱ्या साधारण ६ बाळांमागे १ बाळाच्या आईची शुगर गरोदरपणात वाढलेली होती. इतक्या सगळ्या बायकांचा तोंडावर ताबा नसतो का?

३१ व्या आठवड्यात गेले तर माझं वजन २ किलोने उतरलेलं, लघवीची पट्टी बुडवली ती जांभळी झाली, म्हणजे कीटोन, म्हणजे अंग उपाशी राहून चरबी जाळत होतं. आणि सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर दोन आठवडे पुढे. मी उपाशी आणि बाळ चरबी धरतंय. डॉक्टर रागावल्या नाहीत, फक्त वही माझ्यासमोर ठेवली आणि सकाळच्या आकड्यांखाली बोट फिरवत खालपर्यंत नेलं. त्याच रात्री मांडीत ६ युनिट घेतलं. सुई केसासारखी बारीक असते, बोट टोचायला त्याहून जास्त दुखतं. डोस वाढवत १० वर गेला तेव्हा सकाळी ९१ आली, आणि मी रात्रीचं पोटभर जेवायला लागले. ३६ व्या आठवड्यापर्यंत डोस २२ झाला होता. तेही घाबरण्यासारखं नाही, वारेची हार्मोन्स वाढत जातात तशी गरज वाढते.

३८ व्या आठवड्यात मुलगा झाला, ३.८ किलो. तासाभराने नर्सने त्याची टाच तळहातात धरून जरा ऊब दिली, कडेला टोचलं, इवलासा थेंब पट्टीला लावला. ३२, म्हणजे फार कमी. हात बारीक थरथरत होते त्याचे. माझा चीक वाटीत काढून चमच्याने पाजला, अंगाला लावून घेतलं, परत टोचलं, ५१. पुढे दिवसभर प्रत्येक पाजण्याआधी टाच टोचत होते, सगळे आकडे चांगले आले. आणि ताई पलंगाशी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, "बघ, तुझ्या सुया त्याला बाधल्या."

मी तेव्हा काही बोलू शकले नाही. टाके दुखत होते आणि पोर अंगावर होतं. म्हणून आता बोलते. त्याची शुगर उतरली ती त्याच्या स्वतःच्या इन्सुलिनमुळे. आईकडून जास्त साखर येत राहते म्हणून बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवायला शिकतं, त्यानेच चरबी साठते, खांदे आणि पोट मोठं होतं, बाळंतपणात खांदा अडकायची भीती त्यामुळेच. मग नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात बंद, पण इन्सुलिन लगेच कमी होत नाही, म्हणून पहिल्या काही तासांत शुगर खाली येते. पेडरसन नावाच्या डॅनिश डॉक्टरने हे १९५० च्या दशकातच मांडलंय. म्हणजे आईची शुगर वाढलेली राहिली तर बाळाची उतरायची भीती जास्त, आणि इन्सुलिन ती भीती कमी करतं. ऑस्ट्रेलियात १००० बायकांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये छापून आला, त्यात पथ्य, मोजणी आणि लागेल तिला इन्सुलिन अशी ट्रीटमेंट मिळालेल्या गटात बाळांना गंभीर त्रास १ टक्का होता आणि नेहमीसारखी काळजी घेतलेल्या गटात ४ टक्के.

हां, त्या तीन आठवड्यांमुळेच ३२ आली असं मी सिद्ध करू शकत नाही. शुगर ताब्यात असलेल्यांच्या बाळांचीही उतरते कधीकधी, कळा चालू असतानाची आईची शुगरही धरावी लागते. पण माझ्या मनातून ते तीन आठवडे जात नाहीत.

आता तुमचा पहिला प्रश्न. पथ्याने भागतं का? बहुतेक जणींचं भागतं. खाणं दिवसभरात थोडं थोडं विभागायचं, जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालायचं, आणि साधारणपणे उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० किंवा दोन तासांनी १२० च्या आत ठेवायचं, तुमच्या डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर ते धरा. आठवडा-दोन आठवडे हे करूनही आकडे वरच राहिले तर इन्सुलिन घ्यायचं, त्यात बायकोचं काही चुकलेलं नसतं. कडक पथ्य म्हणजे उपास नाही, हे घरच्यांना तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका. ती एकटी पडते. माझा नवरा तेव्हा गप्प बसला होता.

सुई जन्मभर सुटत नाही म्हणणाऱ्यांसाठी, माझी बाळंतपणाच्या दिवशीच बंद झाली. वार पडली की गरज एकदम उतरते. मेटफॉर्मिनच्या गोळ्या पण काही जणींना देतात, ती मात्र वारेतून बाळाकडे जाते, तेव्हा कुठलं घ्यायचं ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. इन्सुलिन चालू केल्यावर उशाशी साखर ठेवा, घाम, थरथर आणि ७० च्या खाली आकडा आला तर लगेच घ्यायची. बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जायचं, या आजारात बीपी वाढायची शक्यताही जास्त असते. बाळात व्यंग येईल म्हणून घाबरत असाल तर अवयव पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच बनतात, ती भीती आधीपासून मधुमेह असलेल्या बायकांना असते. आणि बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत तिची ७५ ग्रॅमची टेस्ट परत करा, बाळाच्या गडबडीत ती राहून जाते आणि या बायकांना पुढे टाइप २ मधुमेह (नेहमीचा, मोठेपणी होणारा) व्हायची शक्यता इतरांपेक्षा ७ ते १० पट असते. मी दर वर्षी करते, अजून नॉर्मल आहे.

ताई, तू हे वाचत असशील तर वही माझ्याकडे आहे. सुई सुरू केल्याची तारीख लाल पेनने लिहिलेली आहे, तिच्या वरचे सकाळचे आकडे बघ आणि खालचे बघ.