हमीभावाचा आयोग नेमका कोणाचा?

प्रश्न : नमस्कार. आमची सहा एकर कापसाची पऱ्हाटी आहे. भाव दिल्लीतला आयोग ठरवते असं सारेच सांगतात. आमदाराच्या माणसाले विचारलं त म्हणे आयोग स्वायत्त आहे, आमच्या हातात काहीच नाही. मंग जाब विचाराचा त कोणाले?
– एक कास्तकार, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, उलटंच सांगितलं तुम्हाले. आयोग भाव ठरवतच नाही, तो निसती शिफारस करते, शिक्का मारते ते केंद्राचं मंत्रिमंडळ. हा कृषी मूल्य आयोग १९६५ साली निघाला, पण त्याच्यासाठी वेगळा कायदा काही झाला नाही, ते कृषी मंत्रालयाले जोडलेलं ऑफिसच आहे. म्हणजे सालदारानं मालकाले सांगावं का यंदा इतकं बी लागते, अन् मालकाले पटलं त आणंल, नाही त नाही. याले स्वायत्त म्हणाचं तरी कसं?

आता २०२५-२६ चंच घ्या. मध्यम धाग्याच्या कापसाले ७७१० अन् लांब धाग्याले ८११० रुपये क्विंटल. सरकार म्हणते खर्चाच्या दीडपट दिला, अन् हिशोबानं ते खोटंही नाही. पण दीडपट कशाच्या? बी, खत, फवारणी, मजुरी असा खिशातून गेलेला खर्च अन् घरच्या माणसाची राबणूक, एवढ्याच्या. स्वतःच्या जमिनीचा खंड अन् स्वतःच्या स्थावर भांडवलाचं व्याज त्यात येतच नाही. हे सारं धरलेला मोठा खर्च आयोग काढते, त्याले सी-टू म्हणतात, रिपोर्टात छापतेही. दीडपट मात्र लहान खर्चाची कराची, हे ठरवलं सरकारनं. म्हणून आयोगाले शिव्या देऊन काही हाती लागत नाही, अन् सरकारले तेच सोयीचं पडते म्हणा.

कायदा असला म्हणजे सारं निवांत, असंही नका समजू. आपला वीज नियामक आयोग २००३ च्या कायद्यानं बांधलेला आहे, दर ठरवाच्या आधी लोकाईच्या हरकती घ्या लागतात, निकालावर अपील होते. पण त्याच कायद्यात कलम १०८ आहे, लोकहिताच्या नावावर राज्य सरकार त्याले धोरणाचे आदेश देऊ शकते, अन् ते लोकहितात बसते का नाही याचा शेवटचा शब्द कोणाचा, त सरकारचाच!

तवा जाब आमदाराच्या माणसाले नाही, तुमच्या खासदाराले विचारा. आयोगाचा खरिपाचा रिपोर्ट वेबसाइटवर फुकट भेटते, इंग्रजीत आहे, पोराले वाचाले लावा. कापसाचा सी-टू आकडा चिठ्ठीवर लिहून न्या अन् म्हणा, साहेब, हा काऊन नाही धरला?